माई विरू: दुकान सुधारलं, ताट का नाही?

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, आदिवासी वस्तीतल्या दुकानातल्या आडव्या फ्रीजरचं झाकण सरकवलं की आत कांगारूच्या हातभर लांबीच्या शेपट्या एकावर एक रचलेल्या दिसतात. केसांसकट गोठलेल्या, जळणाच्या ओंडक्यासारख्या कडक. घरी नेली की शेपटी आधी जाळावर धरायची, केस जळले की सुरीने खरवडायची आणि निखाऱ्यांच्या राखेत पुरून ठेवायची. भाजून निघाली की हाडाभोवतीची चरबी चोखत खायची. इथल्या भाषेत तिला 'मालू विपू' म्हणतात. मालू म्हणजे तांबडा कांगारू, विपू म्हणजे शेपूट.

दुकानाबाहेरच्या माळावर तोच मालू हिंडत असतो. फ्रीजरमधली शेपटी मात्र कुठेतरी फार दूर मारलेल्या जनावराची, कारखान्यात गोठवून ट्रकने आलेली. आणि फ्रीजरच्या शेजारी काचेच्या दाराचं कपाट आहे, त्यात थंडगार गोड पेयांचे डबे. लोक काय खातात आणि का खातात, या प्रश्नाची निम्मी उत्तरं या दोन कपाटांमध्येच सापडतात. उरलेली निम्मी दुकानात नाहीतच. हे प्रकरण मुख्यतः त्या उरलेल्या निम्म्यांबद्दल आहे.

जागा

ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचा वायव्य कोपरा म्हणजे 'एपीवाय लँड्स'. आणंगू पित्जान्त्जात्जारा यांकुनित्जात्जारा हे पूर्ण नाव. लोक स्वतःला 'आणंगू' म्हणवतात. १९८१ च्या कायद्याने ही जमीन त्यांच्या मालकीची झाली. क्षेत्रफळ १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्या जागेत माणसं अडीच हजारांच्या आसपास, तीही पुकात्जा, अमाता, मिमिली, काल्त्जिती, इवांत्जा, पिपाल्यात्जारा अशा मोजक्या वस्त्यांमध्ये. लाल माती, ग्रॅनाइटचे डोंगर, अनियमित पाऊस. अ‍ॅडलेडहून निघालेला मालट्रक हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून येतो, त्यातला शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. पाऊस झाला की रस्ता बंद. ट्रक अडकला की पालेभाजी वाटेतच मान टाकते.

वस्तीत दुकान एकच. ते बंद झालं तर पुढचं दुकान तास-दोन तासांच्या प्रवासावर. 'ग्राहकाने निवड केली' हे वाक्य अशा ठिकाणी वापरताना जरा जपून वापरावं.

वहीतून काढलेलं ताट

एकच दुकान असण्याचा संशोधकांना एक फायदा झाला. कुणाच्याही घरात न डोकावता अख्ख्या गावाने काय खाल्लं ते दुकानाच्या हिशेबातून काढता येतं. किती पोती पीठ आलं, किती किलो साखर, किती डबे पेय, किती वाया गेलं. त्याला माणसांच्या संख्येने भागायचं. आहारतज्ज्ञ अमांडा ली यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातल्या वस्त्यांमध्ये ही पद्धत वापरात आणली. माणूस काय खाल्लं ते विसरतो, लाजतो, पाहुण्याला बरं वाटेल असं सांगतो. वहीला यातलं काही जमत नाही.

एपीवायमध्ये १९८६ चे आकडे उपलब्ध होते. २०१२ मध्ये तिथल्या पाच वस्त्यांमध्ये पुन्हा तसंच मोजमाप झालं आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मधल्या पाव शतकात इथे आहारावर जेवढं काम झालं तेवढं ऑस्ट्रेलियातल्या फार थोड्या दुर्गम भागांत झालं असेल. निष्कर्ष मात्र दोन तोंडांचा निघाला. चांगलं अन्न दुकानात जास्त मिळू लागलं होतं, ते परवडण्याच्या बाबतीतही सुधारणा होती, साखरेचा वापरसुद्धा उतरला होता. आणि तरी एकूण आहाराचा दर्जा १९८६ पेक्षा घसरलेला होता. गोड पेयं आणि तयार जेवणं यांनी बाकीची कमाई खाऊन टाकली होती.

मला या प्रकरणात हेच महत्त्वाचं वाटतं. प्रयत्न झाले नाहीत म्हणून अपयश आलं, अशी प्रकरणं सोपी असतात. इथे प्रयत्न झाले, बऱ्यापैकी शहाणपणाने झाले, लोकांनी स्वतः केले, आणि तरी आकडे असे आले.

पीठ का आवडलं

पित्जान्त्जात्जारा भाषेत अन्नाचे दोन ढोबळ वर्ग आहेत. 'माई' म्हणजे झाडापासून मिळणारं, 'कुका' म्हणजे मांस. (मराठी कानाला 'माई' ऐकून घरचंच कुणीतरी आठवतं, तो निव्वळ योगायोग.) आज पाव, बिस्किटं आणि दुकानातलं बरंचसं अन्न माईत मोडतं. 'माई विरू' म्हणजे चांगलं अन्न.

पूर्वीच्या माईमध्ये 'वांगुनू' गवताचं बी मोठं होतं. बायका ते लाकडी 'पिती'त गोळा करायच्या, पाखडायच्या, दगडावर पाणी घालून वाटायच्या आणि राखेत भाजून 'न्यूमा' करायच्या. न्यूमा म्हणजे जाड भाकरीच म्हणा. मूठभर खाण्यासाठी तासन् तास वाटण. जिने कधी जात्यावर पहाटेचं दळण दळलं असेल तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि गोडवा? त्याला शब्द 'वामा'. फुलातला मध, किंवा मुल्गाच्या झाडाखाली माणूसभर खोल खणून काढलेल्या 'त्जाला' मुंग्या, ज्यांचं पोट मधाने टपोऱ्या द्राक्षासारखं फुगलेलं असतं. घाम गाळावा तेव्हा कुठे जिभेवर एक थेंब यायचा. हाच वामा शब्द आज दारूलाही लावतात.

१९३० च्या दशकात गोऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांना डिंगो या रानकुत्र्याची टाळू, म्हणजे डोक्यावरची कातडी, हवी होती, कारण सरकार तिच्यावर बक्षीस देत होतं. आणंगूंनी डिंगो मारायचा, टाळू आणून द्यायची आणि बदल्यात पीठ, साखर, चहा घ्यायचा. १९३७ मध्ये अ‍ॅडलेडचे शल्यचिकित्सक चार्ल्स डगिड यांच्या पुढाकाराने प्रेस्बिटेरियन चर्चने अर्नाबेला मिशन सुरू केलं. तेच आजचं पुकात्जा. मिशन त्या काळाच्या मानाने सौम्य होतं, शाळेत मुलांना त्यांच्याच भाषेतून शिकवायचं. पण रेशन तेच राहिलं. पांढरं पीठ, साखर, चहा.

बाहेरून येणारा माणूस म्हणतो, यांनी सकस अन्न सोडून मैदा घेतला. तेव्हाच्या बाईच्या जागी उभं राहून पाहावं. दिवसभराचं वेचणं, पाखडणं, वाटणं एका पिशवीने वाचत होतं. पीठही न्यूमासारखंच राखेत भाजता येत होतं, म्हणजे कृती तीच आणि कष्ट दहावा हिस्सा. साखर म्हणजे न खणता मिळालेली त्जाला. हा व्यवहार त्या घडीला कुणालाही शहाणपणाचाच वाटला असता. त्याची किंमत दोन पिढ्यांनंतर मधुमेहाच्या आणि डायलिसिसच्या रूपाने येणार होती, हे पिशवीवर लिहिलेलं नव्हतं.

उलट दिशेचा एक प्रयोगही नोंदलेला आहे. तो एपीवायमधला नाही, वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या डर्बीजवळचा. १९८२ मध्ये संशोधक केरिन ओडी यांच्यासोबत मधुमेह असलेली दहा आदिवासी माणसं सात आठवडे आपल्या जुन्या मुलखात जाऊन शिकारीवर आणि रानातल्या अन्नावर राहिली. सरासरी आठ किलो वजन उतरलं, उपाशीपोटीची रक्तशर्करा लिटरमागे ११.६ वरून ६.६ मिलिमोलवर आली. म्हणजे शरीरात काही कायमचा दोष बसला होता असं नव्हे. मात्र सात आठवडे रानात राहणं म्हणजे घर, शाळा, दवाखाना, भत्त्याचा दिवस, सगळं मागे सोडणं. औषध म्हणून ते उत्तम ठरलं, रोजचं जगणं म्हणून ते आता कुणालाच परवडणारं नाही.

चूल

१९८३ मध्ये आणंगूंनी स्वतःची आरोग्यसेवा उभी केली, ङानाम्पा हेल्थ कौन्सिल. 'ङानाम्पा' म्हणजे आपली. १९८७ मध्ये या संस्थेच्या पुढाकारातून एक अहवाल निघाला, 'यूपीके' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा. त्यामागे डॉक्टर पॉल टॉर्झिलो, वास्तुरचनाकार पॉल फोलेरॉस आणि मानवशास्त्रज्ञ स्टीफन रेनो होते. त्यांचा प्रश्न अगदी घरगुती होता: निरोगी राहायचं तर घरात काय काय चालू स्थितीत असलं पाहिजे? अशा नऊ गोष्टींची त्यांनी क्रमवार यादी केली. पहिली अंग धुता येणं. चौथी अन्न साठवता, निवडता-चिरता आणि शिजवता येणं.

मग घरोघर जाऊन तपासणी. नळ उघडून पाहायचा, शेगडीचं प्रत्येक बटण फिरवायचं, फ्रीजचं दार लागतं का, ओट्यावर जागा आहे का, फळीवर उंदीर पोचतो का. हीच पद्धत पुढे देशभरातल्या हजारो आदिवासी घरांमध्ये वापरली गेली. अन्न साठवणं, तयारी आणि शिजवणं या तिन्हींची धड सोय असलेली घरं दहांत एकसुद्धा नव्हती. 'या लोकांना घरं नीट वापरता येत नाहीत' हा समजही त्या नोंदींनी मोडीत काढला. एकूण बिघाडांपैकी रहिवाशांच्या हाताने झालेले दहा टक्क्यांहून कमी. बाकी सगळे एकतर मुळातलं बांधकाम निकृष्ट म्हणून, नाहीतर वर्षानुवर्षं दुरुस्ती झाली नाही म्हणून.

वाळवंटातलं पाणी बोअरचं, क्षारांनी जड. मराठवाड्यात ज्यांच्या गिझरची कॉइल दर वर्षी पांढरा थर चढून जाते त्यांना हे पाणी ओळखीचं वाटेल. तोटी झिजते, हीटर जळतो. प्लंबर शेकडो किलोमीटरवर. आणि हे पाणी प्यायला बेचव, काही वस्त्यांमध्ये खारट. चाळीस अंशांच्या दुपारी एकीकडे कोमट खारट पाणी आणि दुसरीकडे बर्फासारखा थंड, गोड, सीलबंद डबा. त्याला चूल लागत नाही, भांडं लागत नाही, घरात फ्रीज असावा लागत नाही.

आता याच घरातल्या बाईला आहारतज्ज्ञ सांगते, डाळ भिजवा, भाज्यांचा रस्सा करा, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा. चारपैकी एक शेगडी चालते, मोठं पातेलं गेल्या महिन्यात मावशीकडे गेलं ते आलं नाही, फ्रीजचा गॅस गेलेला. सल्ला बरोबर आहे. पण तो ज्या स्वयंपाकघरासाठी आहे ते स्वयंपाकघर आहे कुठे?

वीज हाही याच गोष्टीचा भाग. शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीत आधी पैसे भरून वीज घ्यायचे मीटर आहेत. अशा ३,३०० घरांच्या २०१८-१९ च्या नोंदी तपासल्या तेव्हा ९१ टक्के घरांची वीज वर्षात एकदा तरी गेलेली होती, आणि ७४ टक्क्यांची दहापेक्षा जास्त वेळा. फ्रीज चालू असला तरी त्यात मांस भरून ठेवण्याचं धाडस कोण करेल? दुकान हाच गावाचा फ्रीज होतो. लागेल तेव्हा जायचं, लागेल तेवढं आणायचं, तिथेच खाऊन संपवायचं.

माई विरू

दुकानांची स्थिती नव्वदच्या दशकात वाईट होती. मालकी कागदोपत्री वस्तीची, पण कारभार बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाच्या हाती. व्यवस्थापक चांगला मिळाला तर दुकान चांगलं, तो गेला की रामभरोसे. एकदा भाजी मागवली, विकली नाही, सडली, की पुढच्या वेळी मागवायचीच नाही. मग लोक भाजी घेत नाहीत हा निष्कर्ष आपोआप सिद्ध होतो.

२००० नंतरच्या एक-दोन वर्षांत ङानाम्पा आणि एनपीवाय विमेन्स कौन्सिल यांनी मिळून 'माई विरू' हे दुकानांचं प्रादेशिक धोरण आखलं. विमेन्स कौन्सिल ही मध्य वाळवंटातल्या बायकांची १९८० पासूनची संघटना. दारू असो, पेट्रोल हुंगणं असो, म्हाताऱ्यांची काळजी असो, तिच्या आज्या सरकारच्या दारात जाऊन बसायला मागेपुढे पाहत नाहीत. धोरणाचा गाभा साधा होता. दुकान हे केवळ दुकान नाही, पाण्यासारखी अत्यावश्यक सेवा आहे. ठरावीक चांगल्या वस्तू कायम फळीवर असल्याच पाहिजेत. किमती आटोक्यात ठेवायच्या. वस्त्यांनी एकत्र येऊन खरेदी आणि वाहतुकीची घासाघीस करायची. व्यवस्थापक बदलला तरी नियम बदलणार नाहीत.

आणि हे चाललं. फळीवर फळं आली, भाज्या आल्या. वहीत ते दिसतं.

मग घसरण कुठून आली? या पंचवीस वर्षांत जगभरचा अन्नउद्योग बदलला, आणि वाळवंटातलं दुकान त्या उद्योगाच्या बाहेर नाही. १९८६ मध्ये गोड म्हणजे चहातली साखर होती. २०१२ पर्यंत ती बरीचशी डब्यातल्या पेयात गेली होती. पाकीटबंद, गोठवलेली, दोन मिनिटांत गरम होणारी जेवणं, काउंटरवरचे तळलेले बटाट्याचे काप, मांस भरलेली 'पाय' नावाची पेस्ट्री. नासत नाहीत, ट्रक उशिरा आला तरी चालतं, नफाही बरा सुटतो. कोबीचं याच्या नेमकं उलट. कोबी आणायचा खर्च बहुतेक दुर्गम दुकानं पेयांच्या आणि तयार खाण्याच्या विक्रीतूनच भागवत आली आहेत. ही गाठ दिसते त्यापेक्षा घट्ट आहे.

शेवटचे दोन-चार दिवस

सरकारी भत्ता पंधरा दिवसांनी येतो. त्या दिवशी दुकानात गर्दी. मांस, पाव, फळं, मुलांसाठी खाऊ, सगळं घेतलं जातं. शेवटच्या दोन-चार दिवसांत चहा, पीठ, साखर. हात आखडले की माणूस प्रत्येक डॉलरला पोट किती भरतं ते बघतो, आणि या हिशेबात पीठ, साखर आणि तेल सगळ्यात स्वस्त पडतात. सफरचंदाने पोट भरायचं म्हटलं तर पाकीट आधी रिकामं होईल. जूली ब्रिम्बलकोम्ब आणि केरिन ओडी यांनी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका वस्तीत हाच हिशेब मांडून दाखवला. नॉर्दर्न टेरिटरीतल्या तीन वस्त्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात अन्नावरच्या खर्चापैकी जवळजवळ चौथा हिस्सा पेयांवर जात होता. भाज्यांवर ५.४ टक्के, फळांवर २.२.

भूक हा शब्द इथे अतिशयोक्तीचा नाही. २०१२-१३ च्या राष्ट्रीय पाहणीत दुर्गम भागातल्या ३१ टक्के आदिवासींनी सांगितलं की मागच्या वर्षभरात घरातलं अन्न संपलं आणि आणायला पैसे नव्हते, असं घडलं आहे. एपीवायमध्ये २०११ मध्ये लोकांना पुरेसं खायला मिळत नसल्याच्या बातम्यांनंतर रेड क्रॉसने अन्नाची पाकिटं पाठवली होती. श्रीमंत देशातली ही गोष्ट आहे.

पण केवळ पैशाने हेही पुरतं उलगडत नाही. आणंगूंच्या जगण्यात 'वाल्त्जा', म्हणजे आपली माणसं, सर्वात वर. मालू मारला तर तो अमुक पद्धतीनेच भाजायचा, अमुक पद्धतीनेच कापायचा, कुठला भाग कुठल्या नातलगाचा ते ठरलेलं. मारणाऱ्याच्या वाट्याला उत्तम तुकडा येईलच असं नाही. आज मी देतो, उद्या तू देशील. 'ङापार्त्जी ङापार्त्जी' या जोडशब्दात ही सगळी देवघेव आली. मागणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे नातं नाकारणं.

ही रीत रानात माणसं जगवत होती. चाळीस किलोचं जनावर एका घराला त्या उन्हात टिकवता येत नाही, वाटून टाकणं हाच साठा. पण फ्रीजच्या घरात तिचा परिणाम वेगळा होतो. बाईने पंधरा दिवसांचं सामान भरलं तर ते पंधरा दिवस तिचं राहत नाही. दोन दिवसांत भाचे, पुतणे, पाहुणे येऊन जातात आणि कपाट रिकामं. तिने कंजूसपणा करावा का? तिला तो जमणार नाही आणि तिने तो शिकावा असं मलाही म्हणवत नाही. म्हणून ती रोज थोडं आणते, लगेच खाऊन संपेल असं आणते. दुकानाच्या पायरीवर बसून खाल्लेले बटाट्याचे काप आणि एक डबा हे असं अन्न आहे की जे वाटायला उरत नाही. बाहेरच्या आहारतज्ज्ञाला जे बेजबाबदार वाटतं त्यात बरंच नियोजन असतं.

मुलांचंही तसंच. आणंगू घरांत लहान मूल स्वतःच्या मर्जीचं मालक मानलं जातं. ते मागतं, मोठे देतात. भत्त्याचं कार्ड बहुतेकदा आजीकडे, आणि नातू डब्याकडे बोट दाखवतो. आजीला स्वतःला मधुमेह असतो, साखर काय करते ते ती दवाखान्यात दर महिन्याला ऐकते. तरी ती डबा घेऊन देते. ज्ञानाचा अभाव म्हणून या प्रसंगाची नोंद करणारा अहवाल मी बाजूला ठेवेन.

रान

मग रानातलं अन्न का नाही? लोकांना ते हवं आहे. शिकारीचा दिवस हा अजूनही आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस. पण शिकारीला गाडी लागते, गाडीला पेट्रोल, बंदुकीला परवाना. वस्ती एका जागी स्थिरावली की आजूबाजूचं रान लवकर रिकामं होतं. गुरांच्या चाऱ्यासाठी बाहेरून आणलेलं बफेल गवत एवढं पसरलं आहे की २०१५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाने त्याला तण म्हणून जाहीर केलं. ते इतर झुडपांना जागा देत नाही आणि आग लागली की भडकून सगळंच जाळतं. कांपुरार्पासारखी रानफळं जिथे हमखास मिळायची तिथे आता हेच गवत.

त्यात उंट. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिला मोठा तांडा उतरला तो कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून. मोटारी आल्यावर मोकळे सोडलेले उंट रानटी झाले. दुष्काळात ते पाणवठ्यांवर तुटून पडतात, चिखलात मरून पाणी सडवतात, वस्तीतले नळ आणि टाक्याही मोडतात. जानेवारी २०२० मध्ये एपीवायमध्ये हेलिकॉप्टरमधून पाच हजारांहून जास्त उंट मारावे लागले. ज्या झऱ्याकाठी कांगारू यायचा तो झराच नासला तर फ्रीजरमधली शेपटी उरते.

काय करून पाहिलं, काय हललं

किमतीचा प्रयोग झाला. नॉर्दर्न टेरिटरीतल्या २० वस्त्यांच्या दुकानांमध्ये फळं, भाज्या, पाणी आणि साखर नसलेली पेयं २४ आठवडे २० टक्के स्वस्त केली. फळं-भाज्यांची खरेदी १२.७ टक्के वाढली. हे उपयोगी आहे, पण मुळातली खरेदीच इतकी कमी की वाढ होऊनही ताट फारसं बदलत नाही.

मला त्याहून बोलका वाटतो तो २०१८ चा दुसरा प्रयोग. नॉर्दर्न टेरिटरीतल्या आर्नहेम लँड भागातल्या आदिवासी मालकीच्या 'आल्पा' या संस्थेच्या दुकानसाखळीसोबत, २० दुकानांमध्ये, १२ आठवडे. निम्म्या दुकानांनी गोड पदार्थांची जाहिरात आणि सवलती बंद केल्या, मोठ्या बाटल्या फ्रीजमधून काढल्या, गोड पेयांसाठीची जागा कमी केली. कुणाला उपदेश नाही, कशावर बंदी नाही. विकत घेतलेल्या अन्नातली साखर २.८ टक्क्यांनी घटली. आकडा लहान आहे. पण दुकानांचा धंदा बुडाला नाही, आणि डब्याच्या नफ्यावरच कोबी येतो ही भीती त्यामुळे निदान सैल झाली.

या दिशेचं सर्वात ठसठशीत उदाहरण अन्नाचं नाहीच, पेट्रोलचं आहे. एपीवायमध्ये तरुण मुलं पेट्रोल हुंगून मरत होती. वर्षानुवर्षं समुपदेशन, फलक, शिबिरं झाली. २००५ पासून पंपांवर 'ओपल' नावाचं, हुंगून नशा न चढणारं पेट्रोल येऊ लागलं आणि हुंगणं झपाट्याने उतरलं. मुलांचे स्वभाव त्या वर्षी बदलले नव्हते, टाकीतलं पेट्रोल बदललं होतं. अन्न पेट्रोलइतकं सोपं नाही हे मान्य; साखरेला ओपल नाही. ऑस्ट्रेलियात गोड पेयांवर वेगळा करही नाही.

२०२० मध्ये संसदेच्या समितीने दुर्गम आदिवासी वस्त्यांतल्या अन्नाच्या किमतींची चौकशी केली. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने जाहीर केलं की दीडशेहून जास्त दुर्गम दुकानांमध्ये ३० गरजेच्या वस्तू शहरातल्या भावाने मिळतील, फरक सरकार भरेल. माई विरूने वीस वर्षांपूर्वी वाहतुकीबद्दल जे मागितलं होतं त्याच्या हे जवळ जाणारं आहे, आणि स्वागतार्हच आहे.

तरी त्या यादीतला तांदूळ किंवा भाजी घेऊन बाई घरी पोचते तेव्हा तिला चालू शेगडी लागते. एपीवायची घरं तपासणाऱ्यांनी १९८७ पासून जी पद्धत पाळली ती अशी, की तपासणीच्या दिवशी नळदुरुस्ती आणि वीजकाम करणारे सोबतच न्यायचे, आणि पाहणी करून नुसतं निघून यायचं नाही. पहिल्याच दिवशी काहीतरी दुरुस्त करून मगच घर सोडायचं. अन्नाच्या किमती भरून देणाऱ्या योजनेत अशा माणसाच्या फेरीसाठी रकाना नाही. तो खर्च दुसऱ्या खात्याचा आहे.